झिपरूआबांचा तिरपा टाइप

धुळ्याला आमच्या छापखान्यात टायपाचे मोडके खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, टाकायचं एक खोकं होतं. ते भरलं की वितळवायला जायचं. किस्से मात्र वितळवता येत नाहीत, साठतच राहतात!

बहुतेक किस्से एका टायपाचे. मालक नानांनी मुंबईहून हौसेनं आणलेला मथळ्याचा तिरपा टाइप. जाड रेघ बोटाएवढी, बारीक रेघ केसाएवढी. असा टाइप खानदेशात कुणी पाहिलाच नव्हता. मी प्रूफं वाचायचो, आणि पहिल्या प्रुफाला मीच दचकलो होतो!

*

पहिलं काम सावद्याच्या एका केळीवाल्याच्या मुलीची लग्नपत्रिका. पत्रिका पाहून गडी मटकन खालीच बसला.

"नाना, लग्नाच्या आधीच पोरीचं नाव पडाले लागलं!"

नाना शांतपणे म्हणाले, "पडत नाही भाऊ. सासरच्यांना वाकून नमस्कार करतंय."

त्यानं आणखी शंभर छापायला सांगितल्या.

*

हा टाइप जुळवायचा मान फक्त झिपरूआबांचा. आबा पिंपळनेरचे, हात देवाचा, डोकं त्यांचं स्वतःचं. एकदा त्यातला 'श्री' फरशीवर पडला आणि बारीक रेघ तुटली. आबा तडक घरी गेले आणि डोक्यावरून अंघोळ करून आले!

पाठोपाठ त्यांच्या घरच्या अक्का धापा टाकत हजर. "कोन मरनं?"

"आमचा 'श्री' मोडला, अक्का," नाना म्हणाले.

*

शाईचे रूळ तेव्हा गूळ आणि चिकट सरस घोटून केलेले. वैशाखात ते पाघळायचे, आणि तिरप्या टायपाच्या बारीक रेघा शाईनं बुजायच्या. म्हणून आबा रूळ ओल्या धडप्यात गुंडाळून विहिरीत सोडायचे. शेजारणीनं एकदा वरून पाहिलं आणि ती किंचाळली, "मूल टाकलं हो विहिरीत!"

गल्ली जमली. हवालदारानं गाठोडं वर काढलं, सोडलं, बोट लावून चाटलं. "गोड आहे," तो म्हणाला. दोन बाया तिथंच बेशुद्ध!

*

आता बेचाळीसचं. नानांनी चळवळीचं एक पत्रक चोरून छापायला घेतलं. सापडलं तर छापखान्याला टाळं आणि नानांना तुरुंग. आबांना त्यांनी बजावलं होतं, साधा टाइप, पटकन काम.

सकाळी भिंतीभिंतीवर पत्रकं. मथळा तिरप्या टायपात! नाना आबांकडे वळले.

"आबा, हे काय केलंत?"

"नाना, कागद स्वराज्यना शे! त्याले साधा टाइप कसा लावू?"

तेवढ्यात फौजदार दारात. त्यानं पत्रक टेबलावर ठेवलं. "हे कुणी छापलं?"

"मुंबईहून आलं असेल, साहेब," नाना कसंबसं म्हणाले. "असले टाइप तिकडंच असतात."

फौजदारानं पत्रक न्याहाळलं, मान हलवली. खरं वाटलं असावं. टोपी घालून तो वळला.

मागून आबांचा दुखावलेला आवाज आला.

"नाना, मुंबईवालास्ले इतली बारीक रेघ छापता येस का?"