अनध्यायाची पाने

सुदामराव बैसाणे गेल्याची बातमी मला पंचमीच्या सकाळी तापीच्या ओवाऱ्यावर मिळाली. स्नान आटोपून मी पायऱ्या चढत होतो. वर उधन्याहून आलेला त्यांचा शेजारी सायकल धरून उभा होता. "शास्त्रीबुवा, सर गेले," एवढेच तो म्हणाला. मी तसाच मागे वळलो, पाण्यात उतरलो आणि पुन्हा एकदा बुडी मारली. ते माझ्या गोत्राचे नव्हते, जातीचे नव्हते, धर्माचेही नव्हते. तरीही ते स्नान आपोआप घडले.

नंतरच्या दिवसांत वर्तमानपत्रांतून त्यांच्याविषयी पुष्कळ लिहून आले. गिरणीकामगाराचा मुलगा, हातपाय लुळे पडलेले, वाणी अडखळणारी, आणि तरीही पदार्थविज्ञानात ज्यांचे सूत्र परदेशातील विद्यार्थी त्यांच्याच नावाने शिकतात असा शास्त्रज्ञ. कोणी त्यांना ऋषी म्हटले. हे सारे यथार्थच आहे. त्यांचा लेखनिक म्हणून माझ्याविषयीही चार चांगले शब्द त्यांत होते, आणि ते वाचताना मान खाली जात होती. कारण त्यांचे शेवटचे काम अपुरे राहिले ते केवळ आजारामुळे, असे सर्वांनी लिहिले आहे. तसे ते नाही. ते सांगण्याचे धैर्य गोळा करण्यात माझे इतके आठवडे गेले.

एकोणीसशे साठनंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत सुदामराव आमच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्यास आले. मी तेथे संस्कृत शिकवीत असे. माझे शिक्षण वेदपाठशाळेतले, वयाने मी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठा. त्यांचे घराणे खानदेशातले, वडील उधन्याच्या एका गिरणीत विणकर. प्राध्यापक झाल्यावरही त्यांनी गिरणीमागची ती चाळ सोडली नाही. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि त्यांना आईच्या मायेने वाढवणारी थोरली बहीण कौतिकबाई. त्यांच्या साऱ्या संशोधनाचे बीज याच खोल्यांत होते, असे ते सांगत. शेजारी माग चालू झाले की चाळीतल्या प्रत्येक भिंतीत कंप उतरे. "लहानपणी मी पाण्याचा पेला घेऊन खोलीभर फिरायचो," ते म्हणत. "एका कोपऱ्यात पाणी थरथरायचं, हातभर अंतरावर एकदम शांत. अक्का म्हणायची, पाणी सांडशील. मी विचारायचो, इथवर आलेला कंप तिथं का थांबला?" ओबडधोबड, विस्कळीत पदार्थातून तरंग कसा जातो आणि कोठे अडून राहतो, या एका प्रश्नावर त्यांनी आयुष्य वेचले.

एके दिवशी वर्गात त्यांच्या हातातून खडू पडला. उचलला, पुन्हा पडला. मुले हसली, तेही हसले. पुढे दोन वर्षांत दोन्ही हात गेले, मग पाय. चाकांच्या खुर्चीतून ते शिकवू लागले. गणित मात्र डोक्यात चालूच होते आणि ते उतरवून घेण्यास माणूस मिळेना. विद्यार्थी येत, पण त्यांचे लिखाण सुदामरावांना पसंत पडत नसे. एकदा शिक्षकांच्या खोलीत ते मला म्हणाले, "शास्त्रीबुवा, मला गणित समजणारा लेखनिक नको. समजणारा माणूस माझ्या पुढे धावतो आणि मी न सांगितलेलं लिहून ठेवतो. तुम्हाला काहीच समजत नाही ना?"

"अक्षरसुद्धा नाही."

"मग उद्यापासून या."

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी मी उधन्याला जाऊ लागलो. परकी चिन्हे आठवडाभरात गिरवली. ते बोलत, मी लिही, आणि पान भरले की पाठशाळेतल्या सवयीने ते सारे पदापदाने, क्रमाने, मोठ्यांदा म्हणून दाखवी. डोळे मिटून ते ऐकत. चूक असली की भुवई वर जाई. एका अक्षराचाही अर्थ न कळता मी पानेच्या पाने मुखोद्गत केली होती. त्यांची वाणी जड होऊ लागली तेव्हा ती कौतिकबाईंना आणि मला एवढ्या दोघांनाच उमगे. एकदा परदेशातून एक नामांकित विद्वान भेटीस आले. सुदामराव बोलत, मी तेच शब्द स्पष्ट करून म्हणे. थोड्याच वेळात पाहुणे माझ्याकडे पाहून प्रश्न विचारू लागले आणि एका सूत्राविषयी त्यांनी माझे मत मागितले. मी गोंधळून म्हणालो, "मी संस्कृत शिकवतो." सुदामराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "त्यांना सांगा, गणित माझं आहे, यांचा फक्त गळा आहे."

आता मूळ गोष्टीकडे यायला हवे.

पाठशाळेत आम्हांला अनध्यायाचा नियम कडक असे. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या या तिथींना पोथी उघडायची नाही, पाठ म्हणायचा नाही. विद्येला त्या दिवशी विसावा. महिन्यातले आठ दिवस असे जातात. बालपणापासून मी तो नियम पाळला होता. सुदामरावांकडे जाऊ लागल्यावर पहिली अष्टमी आली आणि मी गेलो नाही. नवमीला त्यांनी विचारले, "काल बरं नव्हतं का?"

"काल अनध्याय होता."

"पण हे कुठे वेद आहेत?"

"माझ्या लेखी ही विद्या आहे. कचेरीतले टपाल लिहायचे असते, तर कालही आलो असतो."

ते हळूच म्हणाले, "माझ्या आज्याच्या कानावर वेदाचा शब्द पडला असता, तर तुमच्या लोकांनी त्याला गावाबाहेर हाकललं असतं. आणि तुम्ही माझ्या समीकरणांना सोवळं नेसवताय... आता याला नाही कसं म्हणू?"

मी ते मोठे समाधान मानून घरी आलो. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही अशा माणसाकडून मी होकार घेतला आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही. कौतिकबाईंच्या मात्र आले होते. त्या आयुष्यभर बॉबिन भरण्याच्या कामाला गेलेल्या, बोलण्यात आडपडदा नाही. चहा पुढे ठेवून म्हणाल्या, "मिलले कोठे आठम-चौदस राहस, बाबा? भोंगा वाजना का जानंच पडस." मी हसलो. सुदामराव म्हणाले, "अक्का, राहू दे. शास्त्रीबुवांचा देव रागावेल."

पुढे त्यांनीच एक रीत घालून दिली. वहीत अनध्यायाच्या दिवसाचे पान कोरे सोडायचे, वर तिथी घालायची आणि 'अनध्याय' एवढेच लिहायचे. मला वाटले, माझ्या नियमाचा हा केवढा आदर! एकदाच, आजार बळावल्यावर, त्यांच्या तोंडून निघून गेले, "नियम तुमचा आहे शास्त्रीबुवा, दिवस मात्र माझे जातात." लगेच स्वतःच हसून त्यांनी तो विषय झटकला. मी तेव्हा थांबायला हवे होते. गुरूपाशी बसून शिकलेला माणूस एवढे साधे वाक्य ऐकूनही ऐकत नाही, याला काय म्हणावे?

शेवटच्या वर्षी ते एकाच प्रश्नाशी झगडत होते. अडून बसलेला तरंग पुन्हा केव्हा चालू लागतो? कितीतरी वाटा त्यांनी धरल्या आणि सोडल्या. मग त्या त्रयोदशीच्या दुपारी मी वही मिटत असताना त्यांचे डोळे एकदम लकाकले. शब्द फार कष्टाने येत होते. "सापडलं... मधली पायरी सापडली. उद्या लवकर या."

मी म्हणालो, "उद्या चतुर्दशी. परवा अमावास्या, मग प्रतिपदा. द्वितीयेला सकाळीच येतो."

त्यांनी विचारले, "आत्ता बसता?"

बाहेर दिवस कलत होता. त्रयोदशीचा प्रदोष लागत होता आणि त्या वेळीही अध्ययन वर्ज्य. मी तसे सांगितले. शिवाय, तुम्ही दमला आहात, तीन दिवस विसावा घ्या, असेही म्हणालो. खरेच मला त्यांची काळजी वाटत होती.

"बरं," ते म्हणाले. "द्वितीयेला."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेला तो शेवटचा शब्द.

द्वितीयेला मी सकाळी पोहोचलो तो कौतिकबाई दारातच उभ्या होत्या. "भाऊनी वाचा गई, बाबा," त्या म्हणाल्या. अमावास्येला ताप चढला होता, छाती भरली होती, आणि ताप उतरला तेव्हा कंठातून आवाज निघेना. डोळे मात्र तेच होते. मी शेजारी बसलो आणि वर्णमाला म्हणू लागलो. हव्या त्या अक्षरावर ते पापणी मिटत. एकेका चिन्हाला अर्धी घटका लागे, त्यात ते थकून जात. अशा रीतीने पुढच्या आठवड्यांत दीड ओळ हाती लागली. त्या काळात अष्टमीला मी प्रथमच गेलो. त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्या दृष्टीत काय होते हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. थट्टा होती, अशी मी स्वतःची समजूत घालतो.

त्यानंतरच्या पंचमीला ते गेले.

ती दीड ओळ मी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे पाठवली. तो आता मोठ्या संस्थेत संशोधन करतो. त्याने नम्रपणे कळवले की, आरंभ दिसतो, शेवट कोणता असावा याचाही अंदाज येतो, पण मधली पायरी मिळाल्याखेरीज पुढे जाता येत नाही. कधीतरी कोणीतरी ती शोधील. सुदामरावांना ती सापडली होती, आणि ती ऐकण्यासाठी बोलावलेला मनुष्य तिथी मोजत घरी बसला होता.

मी हे सारे कौतिकबाईंना सांगून क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "तुम्ही नही येत त्या दिन भाऊ दिनभर ओठ हालाडे. मंग मन्हाकडे देखे. माले कोठे लिखता येस, बाबा?" माझा अनध्याय होता, त्यांचा कधीच नव्हता. ती पाने कोरी ठेवण्याचे कारण मला त्या क्षणी उमगले. त्या दिवशी जे सुचून गेले, त्याची जागा त्यांनी राखून ठेवली होती.

वह्या अजून उधन्यालाच आहेत. दुपारी पाय आपोआप तिकडे वळतात म्हणून मीही तेथेच जाऊन बसतो. शेवटच्या वहीत चार पाने ओळीने कोरी आहेत. पहिल्या तीन पानांवर चतुर्दशी, अमावास्या, प्रतिपदा, आणि प्रत्येकीखाली माझ्या वळणदार अक्षरात 'अनध्याय'. चौथ्या पानावर नुसतीच 'द्वितीया', मी आधीच लिहून ठेवलेली. तिच्याखाली काही नाही. दीड ओळीची सुरुवात त्याच्या मागच्या बाजूला आहे, कारण त्या पानावर लिहू लागलो तेव्हा सुदामरावांनी पापणी मिटलीच नाही. पान उलटल्यावर मिटली.

हा लेखही मी त्यांच्याच मेजावर बसून लिहीत आहे. मघाशी कौतिकबाई पाण्याचा पेला घेऊन आल्या. माझ्या हातातली लेखणी पाहून थबकल्या.

"आज आठम शे ना, बाबा?"

"हो," मी म्हणालो आणि लिहीत राहिलो.

त्यांनी पेला वहीशेजारी ठेवला आणि आत गेल्या. पलीकडे गिरणी चालू आहे. पेल्यातले पाणी थरथरते आहे.