सव्वा मूठ गहू

सोनगीरच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते, तेव्हा माझ्याकडे एक बॅग होती, बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, एक पत्र्याचा डबा होता आणि आबांचं, माझ्या वडिलांचं, एक वाक्य होतं. जळगावला पाइपच्या कारखान्यात, तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती. माय पदराआड डोळे पुसत होती आणि मी रडायचं नाही असं ठरवून महामार्गावरचे ट्रक मोजत होते. गाडी आली. आबांनी बॅग वर चढवली आणि म्हणाले, "घर तुनंच शे पोरी. कव्हय बी ये."

ते वाक्य मी चौदा वर्षं जपलं. खोटं नव्हतं ते. आबा खोटं बोलणारे नाहीत. फक्त त्यात एक बारीक अट होती, ती त्यांनाही ठाऊक नव्हती.

ज्या माझ्यासारख्या त्या फाट्यावरून निघाल्या, कोणी नाशिकला, कोणी पुण्याला, कोणी थेट दुबईला, आणि ज्या तिथेच शेतात आणि चुलीपाशी राहिल्या, त्या सगळ्या जणींना आपल्या खान्देशची कानबाई देवी माहीत आहे. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी ती येते. आदल्या दिवशी रोटाचे, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू मोजायचे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. एक मूठ गच्च भरून आणि वर पाव मूठ. तेवढेच दळायचे, त्याचेच रोट करायचे, आणि ते आपल्या कुळातल्यांनीच खायचे.

मोजणार माय. पाखडणार माय. जात्यावर दळणार माय आणि काकू. भाजणार त्याच. मुठी मात्र आबांच्या, नानाकाकांच्या आणि माझ्या भावाच्या, दिनेशच्या. लहानपणी मी मायच्या शेजारी बसून नावं म्हणायचे आणि ती मूठ टाकायची. मोठ्या हौसेने म्हणायचे. यादीत आपलं नाव नाही हे लक्षात यायला वय लागतं, आणि लक्षात आल्यावरसुद्धा मी कुरकुर केली नाही. सासरी आपली मूठ निघत असेल असं मला वाटायचं.

सासर जामनेरकडचं. पहिल्याच श्रावणात सासूबाईंनी गहू मोजले. सासऱ्यांची मूठ, दिराची मूठ, माझ्या नवऱ्याची, उमेशची मूठ. मी डबा धरून उभी. त्यांनी झाकण लावलं आणि म्हणाल्या, "सूनबाई, आता पाखडून घे." तेव्हा कळलं की बायकांच्या मुठी कुठेच नसतात. आणि दिनेश तर सुरतेला, कापडाच्या गिरणीत. सहा वर्षांत कानबाईला एकदाही आला नाही, पण गावात त्याची मूठ कधी चुकली नाही. पुढे त्याच्या दोन वर्षांच्या पोराचीही निघायला लागली. त्या पोराने गाव पाहिलंच नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी आबांना झटका आला. उजवं अंग गेलं. दिनेश म्हणाला, "माझं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दोन महिने तू सांभाळ, मग नेतो." ते दोन महिने अजून चालू आहेत. दर रविवारी न चुकता फोन करतो, वाईट नाही तो. फक्त फोन करतो.

जळगावला आबांना दाखल करताना खिडकीवरच्या माणसाने कागद पुढे सरकवला आणि विचारलं, "मुलगा कुठाय?" मी म्हटलं, मी आहे. तो म्हणाला, "तसं नाही मॅडम, सही करायला." मी सही केली. नात्याच्या रकान्यात इतक्या जोरात 'मुलगी' लिहिलं की खालच्या कागदावर उमटलं.

तेव्हापासूनचा माझा दिवस सांगते, पण कौतुक नको. सकाळी साडेसहाला आबांची अंघोळ आणि हाताचे व्यायाम, सातला ईशाची, म्हणजे माझ्या लेकीची, व्हॅन, मग पोळ्या, मग स्कूटीवर कारखाना. लॅबमध्ये मी पाइप पाण्याने भरते आणि फुटेपर्यंत दाब वाढवते. कोणता कुठे फाटेल हे आता मला नुसतं बघून सांगता येतं. दुपारच्या मीटिंगमध्ये फोन टेबलाखाली, त्यावर मायचा व्हिडिओ कॉल, "ती पिवळी गोळी का पांढरी?" कारखान्यात मी मॅडम, जामनेरला सूनबाई, शाळेत ईशाची मम्मी, दवाखान्यात पेशंटची मुलगी. लॅबमध्ये इंग्रजी मिसळून बोलायचं, सासरी पुस्तकातलं मराठी, घरात शिरताच अहिराणी. जिन्यात शेजारीण भेटते आणि म्हणते, "किती गं करतेस एकटी!" तेव्हा मला तिच्या हातात आबांची चादर द्यावीशी वाटते. कौतुकाने चादरी धुतल्या जात नाहीत. उमेश त्या धुतो, हे मात्र इथे सांगायलाच हवं.

मायला जळगाव रुचलं नाही. पहिले सहा महिने ती गॅलरीत बसून समोरच्या डाळमिलच्या पत्र्यांकडे बघायची आणि म्हणायची, "आठे काय शे मनं?" इथे माझं काय आहे? मला राग यायचा. मी आहे ना इथे, असं ओरडावंसं वाटायचं. पण घर तुझंच आहे हे वाक्य मीही एकदा ऐकलं होतं, त्यामुळे मी गप्प बसायचे.

या श्रावणात आबांना गावी नेणं शक्य नव्हतं. नाना म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, आता घराचा कारभार त्यांच्याकडे. त्यांनी फोनवर निकाल दिला: "दादानी मूठ तठेच काढा, रोट तठेच करा. बाकीना आम्ही देखतस." शनिवारी सकाळी माय स्वयंपाकघरात फरशीवर बसली. डब्यातून आबांची सव्वा मूठ काढली, ताटात टाकली आणि डब्याला झाकण लावायला लागली.

"मनी बी काढ," मी म्हटलं.

ती हसली. ईशाने चॉकलेट मागितल्यावर हसते तशी. "पोरीस्नी मूठ नही ऱ्हास व माय."

"तीन वरीस व्हयनात, आबास्ले कोन देखस?"

मायने झाकण खाली ठेवलं. बराच वेळ गव्हात बोट फिरवत बसली. मग जे बोलली ते मला अडतीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. "तू पोटमा व्हती तवय तुनी बी मूठ काढेल व्हती. सासूनीच काढी. पोऱ्याच व्हई, आसं बठ्ठास्ले वाटे."

"मंग?"

"मंग काय. तू उनी."

म्हणजे मी एकदा मोजली गेले होते. जन्माच्या आधी मी त्या घरची होते. माझे रोट झाले होते, कुळाने ते दह्याशी खाल्ले होते. मग मी आले, माझं तोंड बघितलं आणि पुढच्या श्रावणात माझे गहू डब्यातच राहिले. मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप, आणि तोही अगदी स्वच्छ. मी डब्यात हात घातला, गच्च मूठ भरली, वर पाव मूठ घेतली आणि ताटात आबांच्या गव्हाशेजारी टाकली.

"कानबाई कोपई व!" माय घाबरली.

"कोपू दे. तिले सांग, नवी नही मांगनी. जुनीच परत ली."

मग डबा तिच्यापुढे सरकवला. "आते तुनी."

मायने माझ्याकडे पाहिलं नाही. आबांच्या गोळीची वेळ झाली म्हणत उठली आणि आत गेली. माझाही अर्धा दिवस कारखाना होता. ताट तसंच ठेवून मी निघाले. स्कूटीवर सारखं वाटत होतं की मी गेल्यावर ती माझी मूठ उचलून गुपचूप डब्यात टाकणार. पन्नास वर्षं ज्या हाताने दुसऱ्यांच्या मुठी मोजल्या, तो हात एका सकाळीत कसा बदलेल? पण मीही ठरवलं होतं. टाकली तर संध्याकाळी पुन्हा काढायची.

परतले तेव्हा घरघंटी बंद होती आणि पीठ परातीत झाकलेलं होतं. पिठावरून मुठी कळत नाहीत. ईशा ओट्याशी उभी राहून आजीकडे बघत सारखी हसत होती. मी तिला दप्तर आवरायला सांगितलं.

पाचच्या सुमाराला नानांचा फोन आला. दरवर्षी मोजणी झाली की ते सगळ्या घरांना विचारतात, म्हणजे कोणाची मूठ राहत नाही आणि दोनदाही निघत नाही. मायने फोन स्पीकरवर टाकला, कारण आबांनाही ऐकायचं असतं.

"वहिनी, कितल्या मुठी व्हयन्यात?"

"चार."

नाना म्हणाले, "चार कश्या? दादानी एक. बाकीन्या तीन कोन्या?"

मायने पदर खोचला. लग्नानंतर तिचं नाव कोणी घेतल्याचं मला आठवत नाही. आबा 'अवो' म्हणतात, गाव दिनेशनी माय म्हणतं. ती फोनच्या जवळ वाकली आणि सावकाश म्हणाली, "एक मनी पोरनी. एक तिनी पोरनी. अन् एक इंदूबाईनी."

आबा खाटेवर पडल्यापडल्या डोळे उघडून बघत होते. त्यांचा चालता डावा हात चादरीवरून जरा वर आला आणि त्याची मूठ वळली.

"वहिनी," नाना आवाज चढवून म्हणाले, "कोठे ऱ्हास का आसं?"

"आठे ऱ्हास," माय म्हणाली, आणि फोन ठेवून रोट थापायला बसली.