दुरुस्ती परत पाठवणारी बाई

इंदापूरजवळच्या आमच्या दूध डेअरीत एका सकाळी वजनकाटा आणि कॉम्प्युटर यांचं बोलणंच बंद पडलं. बाहेर कॅन घेऊन माणसं खोळंबली, ऊन चढायला लागलं. तेवढ्यात आम्ही फोन करून बोलावलेली कॉम्प्युटर दुरुस्त करणारी एक बाई बारामतीहून स्कूटीवर आली. तोंडाचा स्कार्फ सोडत तिनं लॅपटॉप उघडला आणि वायरीतून काय जातंय ते एका फाईलमध्ये पकडलं. ती फाईल वाचायला तिच्याकडं ओपन सोर्स लायब्ररी होती, म्हणजे कुणीही फुकट वापरावा, सुधारावा असा प्रोग्रॅम. पण आमच्या जुन्या काट्याची भाषा त्याला कळेना. मग तिनं तो प्रोग्रॅमच सुधारला, तेव्हा कुठं बिघाड सापडला आणि तिनं तो काढला.

दूध आत येऊ लागलं. चहा निवत होता, तरी ती टाइप करतच होती.

"आता काय राहिलं, ताई?" मी विचारलं.

"प्रोग्रॅममधली ही दुरुस्ती तो बनवणाऱ्या लायब्ररीवाल्यांना पाठवते."

"तुमच्या वळखीचे हायत?"

"न्हाय ओ. शेजारणीकडनं विरजण आणतो, तसं तिला नड पडल्यावर आपण बी देतोच की."

त्या गडबडीत तिचं नाव विचारायचं राहून गेलं. आता डेअरीत नवे काटे आलेत, पण ती सकाळ अजून आठवते. तो प्रोग्रॅम जगभर वापरतात म्हणे; कुठल्याशा देशात आजही कुणाची अडलेली फाईल तिच्या त्या दुरुस्तीमुळं उघडत असेल. तिचं नाव त्यालाही ठाऊक नसेल.