बाबांनी बसवलेली तार

हिवाळ्यातला रविवार, फॅक्टरीच्या क्वार्टरचं अंगण, आणि कोवळ्या उन्हात पाटावर बसून सायकलच्या ब्रेक-वायरचा पीळ उलगडणारे बाबा... त्यांच्या हातांना मशीनच्या तेलाचा वास, आईच्या सुपातून येणारा ताज्या मटारांचा वास, आणि शेजारी गाल फुगवून बसलेली तेरा वर्षांची मी. माझ्या गिटारची सर्वांत बारीक तार आदल्या दिवशी तुटली होती, ओमती बाजारातल्या वाद्यांच्या दुकानात तशी तार नव्हती, आणि बाबांच्या मते तार म्हणजे तार — त्यात दुकानदारावाचून काय अडलंय!

बाबा फिटर. तुटलेली तार त्यांनी मायक्रोमीटरने मोजली आणि फिटर करील तेच केलं: ब्रेक-वायरच्या पिळातली, तिच्याहून अंमळ जाड तार निवडली. टोकाला पितळी वॉशर अडकवून ती बसवली आणि हात पुसत म्हणाले, "काहून तोंड पाडून राहिली? आता नाही तुटत. चांगलं मार्जिन ठेवलंय, बेटा."

तुटली नाही हे खरं, पण वाकेचना! मला तर ब्लूज रॉकचं वेड लागलेलं, आणि त्या वादनाचा सगळा जीव तार वाकवण्यात — बोटाखालची तार वर ढकलायची, म्हणजे सूर चढत चढत वरच्या सुरापर्यंत जातो, आणि तिथे पोचला की त्याला हलकेच थरथरवायचं... व्हिडिओतला गुरू हे हसत हसत करायचा. माझा सूर अर्ध्या वाटेतच दम टाकायचा. बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. "तार जाड आहे" हे शब्द कितीदा ओठांवर आले, पण संध्याकाळी सायकल लावता लावता बाबा मोठ्या तोऱ्यात विचारायचे, "तार तुटली नाही ना?" आणि मी म्हणायचे, "नाही बाबा." मग एका बोटाच्या मागे आणखी दोन बोटं लावायला शिकले, मनगट किल्लीसारखं फिरवायला शिकले.

भाद्रपदात मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात माझं वादन ठरलं. आदल्या दिवशी नागपूरहून मामाने खऱ्या तारांचं पाकीट आणलं. हवी तशी वाकणारी, मऊ तार! मी ते पाकीट बराच वेळ हातात धरलं, आणि न उघडताच ठेवून दिलं. सूर पोचला नाही तर सगळ्या मंडळासमोर फजिती होती. पण पहिल्या रांगेत बाबा बसणार होते.

उदबत्तीच्या धुरात, नाट्यगीतांनंतर, माझी पाळी आली. तार वाकवायचा तो सूर आला. तीन बोटं लावली, मनगट फिरवलं... आणि सूर चढला, पुरता चढला, वर जाऊन थरथरत उभा राहिला. मागून शेजारचे भैया ओरडले, "अरे, ये तो गा रही है!" तेव्हा वाटला तेवढा अभिमान मला पुढे कुठल्याच मंचावर वाटला नाही. खाली उतरले तर बाबा डोळे पुसत होते. विचारलं मात्र तेच — "तुटली नाही ना?"

आज मी पुण्यात एका बँडमध्ये लीड गिटार वाजवते. बाजारच्या बारीक तारा माझ्या बोटांना इतक्या हलक्या वाटतात की हात आवरावा लागतो. जुन्या गिटारच्या पाच तारा कितीदा बदलल्या. उरलेली एक मात्र तीच आहे, बाबांनी बसवलेली, जराशी काळवंडलेली. बाबा फोनवर शेवटपर्यंत आधी तिची चौकशी करायचे, मग माझी. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली... आता कोणी विचारत नाही. तरीही संध्याकाळी ती गिटार वाजवून पेटीत ठेवताना मी सांगते, "नाही बाबा."