तोंडात घातलेला हात

आमच्या कुत्र्याला नाव नव्हतं. मी "यू यू" केलं की तो यायचा, आणि ह्यांनी शीळ घातली की असेल तिथून धावत यायचा. शेतातल्या झोपडीमागे एका कुत्रीनं पिल्लं घातली होती. त्यातलं हे एवढंच जगलं. ह्यांनी ते दुपट्ट्यात गुंडाळून घरी आणलं. तांबूस रंग, एक कान पडलेला. मोठा झाल्यावर तो राखणीला शेतात जायचा, पिकात रोही, म्हणजे नीलगाई, दिसले की त्यांच्यामागे नाल्यापर्यंत पळायचा, आणि संध्याकाळी ह्यांच्या मोटारसायकलच्या पुढे पुढे घरी यायचा. त्याला कधी बांधलं नव्हतं. घरात साखळीच नव्हती.

त्या दिवशी अंगणात ताडपत्रीवर सोयाबीन वाळत होतं आणि मी ते पायानं हलवत होते. कुत्रा भिंतीच्या सावलीत झोपला होता. तो एकाएकी उठला, माझ्याजवळ आला आणि माझ्या पायाला टेकून उभा राहिला. असं तो कधी करत नसे. मला वाटलं भूक लागली असेल. तेवढ्यात तो आडवा पडला. अंग लाकडासारखं ताठ झालं, मान मागे गेली आणि चारही पाय पळत असल्यासारखे हलू लागले. तोंडातून फेस आला. डोळे उघडे होते, पण त्यांत तो नव्हता.

सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "मिरगी आली त्याले. कांदा आन वं, कांदा."

आमच्याकडे माणसाला झटका आला की कांदा फोडून नाकाशी धरतात, नाहीतर चप्पल हुंगवतात. मी कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला. काही झालं नाही. मग हे नळावरून धावत आले. ह्यांच्या धाकट्या भावाला लहानपणी झटके यायचे, तेव्हा जीभ चावू नये म्हणून ह्यांचे वडील त्याच्या दातांत चमचा घालायचे. ह्यांनी ते पाहिलेलं होतं. कुत्र्याच्या जबड्यातून रक्त येताना दिसलं तसे हे गुडघ्यावर बसले. चमचा जवळ नव्हता. ह्यांनी दातखीळ सोडवायला बोटंच तोंडात घातली.

जबडा बंद झाला. हे ओरडले नाहीत. डोळे मिटून तसेच बसून राहिले, जबडा आपोआप सैल होईपर्यंत. नंतर रक्त लागलेलं सोयाबीन मी वेचून काढलं.

कुत्रा उठला तेव्हा त्यानं आम्हाला ओळखलं नाही. भिंतीला धडकला, ताडपत्रीत अडखळला, आणि बऱ्याच वेळानं बादलीत तोंड घालून पाणी पीत राहिला. मग ह्यांच्याजवळ येऊन त्यांच्या हाताचा वास घेऊ लागला. हात तोवर माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेला होता.

हे सरकारी दवाखान्यात सुई टोचून घेऊन आले तेव्हा शेजारचे काका रस्त्यातच भेटले. काका आमच्या गल्लीत सगळ्यांत वडीलधारे. मी दारात उभी होते.

"काय झालं गा हाताले?" काकांनी विचारलं.

ह्यांनी खाली पाहिलं. "कुत्र्यानं धरला," म्हणाले.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला समजलं होतं. एवढा मोठा माणूस कुत्र्याची दातखीळ सोडवायला बसला म्हटलं, तर पारावर त्याच्यावर हसायला महिनाभर पुरलं असतं. पण संध्याकाळपर्यंत गल्लीत दुसरीच गोष्ट झाली. फेस येताना कोणीतरी फाटकातून पाहिलं होतं. तोंडाला फेस आणि मालकाला चावा, एवढं लोकांना पुरलं. आमचं कुत्रं पिसाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी हे शेतात गेलेले असताना काका आले. बरोबर गल्लीतले दोघंतिघं, हातात काठ्या. मी आधीच कुत्र्याला गोठ्यात घालून कडी लावली होती. लग्न होऊन आले तेव्हापासून मी काकांसमोर कधी बोलले नव्हते. ते आले की पदर घेऊन आत जायचं, एवढंच मला माहीत. त्या दिवशी मी आत गेले नाही, गोठ्याच्या दारापुढे उभी राहिले. 

"सूनबाई, कुत्रं कुठं हाय?"

"पिसायलं नाही ते," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

"मंग मालकाले कसं चावलं? आपल्या मालकाले चांगलं कुत्रं चावते का?"

खरं वाक्य माझ्या ओठांवर होतं. ते सांगितलं असतं तर कुत्रा तिथंच सुटला असता. पण ह्यांनी स्वतः भर रस्त्यात काकांना दुसरंच सांगितलेलं. नवऱ्याला खोटं पाडायचं, तेही चार माणसांत, हे माझ्यानं झालं नाही.

"त्याले मिरगी येते," मी म्हणाले. "माणसाले येते तशी."

मागचा एक जण हसला. "कुत्र्याले मिरगी? मंग चप्पल हुंगवा त्याले."

सासूबाई ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांना कुत्र्याचं काही फार नव्हतं, पण दाराशी काठ्या घेऊन आलेली माणसं त्यांना आवडली नाहीत. त्या म्हणाल्या, "कांदा हुंगवला न बापा. उरला हाय अर्धा. तुले पाह्यजे का?"

काका मात्र हसले नाहीत. "लेकरं खेळतात गल्लीत, माय," ते मला म्हणाले. "माही नात दिवसभर इथंच असते. उद्या तिले धरलं तं कोणाले विचारू मी?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या नातीला मीही कडेवर घेतलेलं होतं.

"बांधून ठेवतो," मी म्हणाले. "साखळीनं. कधीच सोडत नाही."

काका थोडा वेळ गोठ्याच्या दाराकडे पाहत राहिले. आतून कुत्रा दार खरवडत होता. "मोकळं दिसलं तं मंग मी विचारायले येनार नाही," म्हणाले आणि गेले.

ह्यांना मी सगळं सांगितलं. हे जेवता जेवता थांबले, मग पुन्हा जेवू लागले. सकाळी उठून साखळी आणायला गेले.

नंतर आम्ही त्याला ऑटोत घालून वाशीमला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी मला विचारलं, नेमकं काय होतं. मला सांगता येईना. मग मी दोन्ही हात पुढे करून, पाय कसे हलतात, मान कशी जाते ते करून दाखवलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "झटका आला की त्याच्या तोंडात काही घालू नका. हात नाही, चमचा नाही, पाणी नाही. कांदा-चप्पल काही करू नका. त्याची जीभ कुठं जात नाही. गळ्यातली साखळी काढा, लागेल असं काही जवळ असेल तर बाजूला करा, ऊन असेल तर सावली करा, आणि बाजूला बसून राहा. एकामागून एक झटके आले तर मात्र थांबू नका, लगेच आणा." मग त्यांनी ह्यांच्या हाताकडे पाहिलं. "तोंडात घातला होता ना?"

ह्यांनी मान हलवली. तिथं सांगितलं, कारण तिथं आपल्या गावचं कोणी नव्हतं.

गोळ्या माणसांच्या औषधाच्या दुकानात मिळाल्या. मी त्या गुळात दाबून सकाळ-संध्याकाळ द्यायची. सासूबाई म्हणायच्या, "आमाले ताप आला तं काढा, अन् कुत्र्याले वाशीमची गोई." पण मी कधी शेतातून उशिरा आले तर गुळाचा खडा त्यांनी देऊन ठेवलेला असायचा.

झटके कमी झाले, थांबले नाहीत. तो दिवसभर गोठ्याच्या खांबाशी पडून राहायचा. गोळीनं सुस्त झाला, जाडही झाला. संध्याकाळी मोटारसायकलचा आवाज आला की उठायचा, साखळी ताणेपर्यंत पुढे यायचा आणि तिथं बसायचा. हे शीळ घालायचे बंद झाले. रोही आता सरळ तुरीत घुसायचे.

झटका येण्याआधी तो मला टेकायचा. तेवढीच खूण. मी घाईनं साखळी सोडायची, चाऱ्याचं घमेलं ढकलून द्यायची, डोक्याखाली पोतं सारायची आणि जरा दूर बसायची. हात मांडीवर दाबून धरायची. आपलं जनावर समोर असं होत असताना हात लावायचा नाही, यासारखं अवघड काम मी केलेलं नाही. तो उठून मला ओळखायला लागला की पुन्हा साखळी लावायची. कोणी पाहत तर नाही ना, म्हणून आधी गल्लीकडे बघायची.

यंदाच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्याला झटका आला. तो संपला, पण तो उठायच्या आत दुसरा आला. मग आणखी. हे ऑटो बघायला फाट्यावर धावले. मी आणि सासूबाई पोतं भिजवून सावलीला धरत होतो. मग एका वेळी पाय थांबले आणि मला वाटलं आता सुटला यातून. पोट हलत नव्हतं. मी तेव्हाही हात लावला नाही, सवयीनं. सासूबाईंनी लावला. म्हणाल्या, "नाही वं राह्यला."

ऑटो आला, पण तो त्याला शेतात न्यायच्याच कामी आला. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पळसाखाली ह्यांनी खड्डा खणला. काकांचं शेत आमच्या धुऱ्याला लागून, आम्हाला पाहून ते आले. त्यांनी माझ्या हातातली मिठाची पिशवी घेऊन खड्ड्यात मीठ टाकलं.

"सुटलं बिचारं," काका म्हणाले. "बांधून ठेवलं ते बरं केलं तुमी. तुले चावलं तसं आनखी कोनाले चावलं असतं."

ह्यांनी फावडं थांबवलं. "मले चावलं नाही ते, काका. त्याची दातखीळ बसली होती. मीच हात घातला होता तोंडात."

काकांनी विचारलं, "मंग तवा काहून नाही सांगतलं?"

ह्यांनी पुन्हा फावडं उचललं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर पुढे ओढला. मग काका रिकामी पिशवी हातात घेऊन तिथंच उभे राहिले, माती भरून होईपर्यंत.

हे माती ओढत होते. उजव्या हाताचं मधलं बोट त्या दिवसापासून वळत नाही. फावडं धरलं की ते एकटंच बाहेर राहतं.