करपलेल्या नळ्या

साखरेच्या ऐंशी नळ्या मी एका झटक्यात करपवल्या. साखर घातलेल्या नळ्या निर्जंतुक करायच्या मोठ्या कुकरमध्ये दहा पौंड दाबावर दहाच मिनिटं ठेवायच्या. मी पंधरावर ठेवून आईशी फोनवर गप्पा छाटत बसलो. झाकण उघडलं तर लाल रंग जाऊन तपकिरी पाणी.

"काहून गा प्रशिक, चहा करून राहिला का?" कवडूजी म्हणाले.

रामदासपेठेतल्या आमच्या लॅबमध्ये कवडूजी बावीस वर्षं जिवाणूंचे स्वयंपाकी. पेशंटच्या पुवातला जिवाणू त्यांनी ओतलेल्या बशीत वाढायचा, मग वेगवेगळ्या साखरांच्या नळ्यांत सोडायचा. जी साखर तो खाईल ती नळी पिवळी. त्यावरून त्याची ओळख. कवडूजी आठवी शिकलेले, मी कळमेश्वरहून बीएस्सी होऊन आलेला. शिकवायचे तेच. "हा गुलकोज खाते, लॅक्टोजले तोंड लावत नाही. आमच्या जावयावानी नखरे पाह्य!"

नळ्या गेल्या, सहा पेशंटचे रिपोर्ट अडकले. लॅबच्या मालकीण दीप्ती मॅडम तावातावानं आल्या. मी तोंड उघडायच्या आत कवडूजी बोलले, "माझ्याच हातानं झालं, मॅडम."

मागाहून मला म्हणाले, "तुले लागून तीन महिने झाले, उद्याच काढतीन. माझं एक डाव खपते."

नाही खपलं. तयार बशा-नळ्या विकणारा माणूस मॅडमकडे खेटे घालतच होता. 'कवडूजींच्यानं आता होत नाही' एवढं निमित्त पुरलं. महिनाअखेर आमचा स्वयंपाक बंद.

शेवटच्या दिवशी कवडूजी सगळे चंबू घासत बसले.

"आता कोणाले लागते हे?" मी विचारलं.

"म्हणून घाण ठेवून जाऊ का गा?"

हुडकेश्वरच्या एका लॅबमध्ये त्यांना काम मिळत होतं, पण अनुभवाचा दाखला पाहिजे. मॅडमनी दिला, 'काम चांगलं होतं' हे वाक्य तेवढं गाळून. तेवढ्यावर तिथले लोक घेईनात. "मॅडमकडून मी लिहून आणतो," असं मी छातीठोक सांगितलं. आणायला अवघड काहीच नाही. मॅडमला फक्त खरं सांगायचं.

याला चार महिने झाले. मी आता पर्मनंट आहे.

काल कवडूजींचा फोन आला. "त्या कागजाचं झालं का गा? घाई नाही, सहज इचारलं."

"मॅडम सुट्टीवर आहेत," मी म्हणालो.

मॅडम समोरच्या टेबलावर सह्या करत होत्या.