सुमनला मीच थांबवलं

"कोयता सुटून हातात काचेची नळी आली, हे उपकार समजा."

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत, सगळ्यांदेखत, साहेब आम्हाला म्हणाले. आम्ही म्हणजे मी आणि सुमन. दोघंही पाथर्डीकडचे, ऊसतोड्यांच्या घरातले. उसाच्या रसाचे नमुने तपासायचो. शेजारच्या टेबलावर साहेबांच्या नात्यातली पोरं तेच नमुने तपासायची. त्यांचा पगार आमच्यापेक्षा जास्त. सुमनचा सगळ्यांत कमी, ती बाई म्हणून. का, एवढंच तिनं विचारलं होतं. पोरं हसली. मी खाली मान घालून नळी धूत राहिलो.

सुमन नगरला कामगार कार्यालयात तक्रार द्यायला निघाली. मी तिला आधी दादांकडे नेलं. दादा युनियनचे पुढारी, आमच्याच गावचे. माझ्या वरातीत नाचलेले.

"गाळप चालू हाय," ते म्हणाले. "आत्ता तक्रार केली तर आपलीच मानसं शिव्या घालतील. हंगाम संपू दे."

कारखान्यावर हीच रीत. लग्न, भांडण, ऑपरेशन, सगळं हंगामानंतर. आम्ही थांबलो. हंगाम संपला तर साहेब रजेवर. मग म्हणे, नव्या हंगामाचा बॉयलर पेटू द्या. सुमन कुरकुरली की मीच दटावायचो, दादा आपले आहेत. ती ऐकायची. मला भाऊ म्हणायची ना.

असे किती हंगाम गेले. मी निवृत्त झालो. शेवटी तिच्यासोबत नगरला गेलो, तर तक्रार परत आली. मुदत संपलेली. आमचं वर्ष बॉयलर पेटला की सुरू व्हायचं. कायद्याचं तसं नव्हतं.

दोघांनी जाऊन दादांना विचारलं, मुदतीचं तुम्हाला माहीत होतं का. सुपारी कातरत म्हणाले, "म्हाईत हुतं म्हनून तर थांबवलं. साहेबांना शब्द दिल्ता."

परतताना स्टँडवर सुमन म्हणाली, "साहेबाचं काय न्हाई वाटलं, भाऊ. त्यो परका. तुमी घरचं हुता."

त्या दिवसापासून तिनं मला भाऊ म्हटलेलं नाही.

वकील म्हणतात, उशीर माफ होऊ शकतो. पण तो का झाला, हे शपथेवर सांगणारं कुणी पाहिजे. दादांचा निरोप आलाय, गावात राहायचंय ना? माझा मुलगा त्यांच्याच वशिल्यानं कारखान्यात आहे. तो म्हणतो, नका जाऊ.

मी साक्षीला जाणार. सुमनला कुणी अडवलं, असं विचारतील. पहिलं नाव माझं सांगेन. मग दादांचं. ते समोर बसलेले असतानाच.